शाळेच्या फुटबॉल इतिहासातले बेस्ट खेळाडू कसे शोधायचे: छोट्या गावातल्या नवख्या व्हॉलंटियरसाठी

अमेरिकेतल्या छोट्या गावात राहत असाल आणि पोरं हायस्कूलला असतील तर कधी ना कधी बूस्टर क्लबची (शाळेच्या टीमला मदत करणाऱ्या पालकांच्या मंडळाची) मीटिंग तुमच्या वाट्याला येणारच, आणि तिथे "तुम्ही कॉम्प्युटरवाले ना, मग हे तुम्हीच बघा" म्हणून कुणीतरी शाळेच्या फुटबॉलचं सगळं जुनं बाड तुमच्या गळ्यात मारणार. माझ्या गळ्यात ते असंच पडलं. शाळेला हॉल ऑफ फेमची भिंत करायची होती, आजवरचे सर्वात भारी खेळाडू निवडायचे होते, आणि दर शुक्रवारी स्टँडमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतःची यादी तयार होती. फक्त कुणाचीच यादी दुसऱ्याशी जुळत नव्हती.

फुटबॉल म्हणजे अर्थात हेल्मेटवाला. त्यातलं फार कळत नसेल तरी घाबरू नका, बेसिक नियम एका सीझनमध्ये येतात, आणि बाहेरचं असण्याचा फायदाच होतो कारण तुमचा सासरा १९६६ च्या टीममध्ये नव्हता हे सगळ्यांना माहीत असतं.

एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. नावं आधी ठरवायची नाहीत, आधी सीझनवार नोंद करायची आणि मग नावांकडे यायचं. उलटं केलंत तर यादीत गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले क्वार्टरबॅक (पास टाकणारे) आणि रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारे) भरतील, कारण लोकांना तेच आठवतात आणि आकडेही त्यांचेच ऑनलाइन सापडतात. १९४० मधला गार्ड, म्हणजे पळणाऱ्यासाठी वाट मोकळी करणारा लाइनमन, तुम्हाला कुणी सुचवणार नाही, त्याला बघितलेला माणूसच उरलेला नाही.

१. "आपली शाळा" म्हणजे कुठली, ते आधी ठरवा

हे ऐकायला येडपट वाटेल पण निम्मी भांडणं इथेच असतात. १९३९-४० मध्ये अमेरिकेत सुमारे १,१७,००० स्कूल डिस्ट्रिक्ट होते, आज साधारण १३,००० आहेत. म्हणजे आजच्या तुमच्या शाळेच्या पोटात दोन-तीन जुन्या शाळा असण्याची शक्यता भरपूर, ज्यांचं नाव वेगळं, मॅस्कॉट वेगळा, रंग वेगळे, आणि ज्यांची माजी मुलं अजून हयात आहेत आणि "आम्हाला विसरलात" म्हणून अजून चिडून आहेत. त्यांचे खेळाडू धरायचे का? माझं मत, धरायचेच, आणि नावासमोर जुन्या शाळेचं नाव लिहायचं.

दक्षिणेकडच्या राज्यांत असाल तर हा मुद्दा आणखी गंभीर आहे. सुप्रीम कोर्टाने १९५४ मध्ये शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवला तरी बऱ्याच गावांत कृष्णवर्णीय मुलांची शाळा वेगळीच राहिली, थेट १९७० च्या आसपासपर्यंत. टेक्ससमध्ये तर या शाळांची स्वतंत्र संघटनाच होती, प्रेरी व्ह्यू इंटरस्कोलॅस्टिक लीग, १९२० ते १९७०. या शाळा बंद झाल्या किंवा एकत्र झाल्या तेव्हा त्यांच्या ट्रॉफ्या आणि कागद बऱ्याच ठिकाणी नव्या शाळेच्या कपाटात आलेच नाहीत, आणि गावचा पेपर तर त्यांच्या मॅचेसना दोन ओळी द्यायचा, दिल्या तर.

वॉल्टर पेटनचं उदाहरण घ्या, एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीगमध्ये) १६,७२६ यार्ड धावलेला माणूस. मिसिसिपीतल्या कोलंबिया गावचा. तो आधी जेफरसन हायमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या शाळेत, खेळला आणि १९७० मध्ये शाळा एकत्र झाल्यावर कोलंबिया हायमध्ये आला. फक्त कोलंबिया हायची इयरबुकं (शाळेची वार्षिक फोटोपुस्तकं) उघडून बसलात तर त्याची सुरुवात तुम्हाला दिसणारच नाही. पेटन जगप्रसिद्ध झाला म्हणून निदान त्याच्याबाबतीत हे कळतं तरी, त्याच्या एक-दोन वर्षं आधी शिकून गिरणीत कामाला लागलेल्या मुलाचं काय?

तेव्हा पहिल्याच मीटिंगमध्ये लिहून घ्या: कुठल्या कुठल्या शाळा धरणार, कुठल्या वर्षापासून, आणि सिक्स-मॅन किंवा एट-मॅन (अकराऐवजी सहा किंवा आठ जणांचं फुटबॉल) खेळलेली वर्षं धरणार का. सह्या घ्या. नंतर कामाला येतात.

२. काय काय लागेल

- शाळेची सगळी इयरबुकं. शाळेच्या लायब्ररीत मधली वर्षं हमखास गायब असतात, ती पब्लिक लायब्ररीत, काउंटीच्या हिस्टॉरिकल सोसायटीत किंवा माजी विद्यार्थ्यांच्या घरी मिळतात
- गावच्या पेपरची मायक्रोफिल्म, आणि शेजारच्या गावांच्या पेपरचीसुद्धा
- जुने मॅच प्रोग्रॅम. रोस्टर (खेळाडूंची यादी), नंबर, उंची, वजन सगळं एका पानावर असतं
- कोचची स्टॅट शीट, स्कोअरबुक, लेटरमनची (शाळेचं मानचिन्ह मिळालेल्या खेळाडूंची) यादी, बॅन्क्वेटचे कार्यक्रमपत्र
- राज्याच्या अ‍ॅथलेटिक असोसिएशनचं रेकॉर्ड बुक
- फोनवर स्कॅनिंगचं अ‍ॅप, एक एक्स्टर्नल ड्राइव्ह, आणि क्लबच्या नावाचं क्लाउड अकाउंट. स्वतःच्या नावाचं नको, उद्या तुम्ही गाव सोडलंत की सगळं तुमच्याबरोबर जातं

मायक्रोफिल्म बघायला जाण्याआधी लायब्रेरियनला फोन करा, मशीन बहुतेक ठिकाणी एकच असतं आणि त्यावर वंशावळ शोधणाऱ्या आज्या सकाळपासून ठाण मांडून असतात. तुमच्या गावच्या पेपरची फिल्म तिथे नसेल तर इंटरलायब्ररी लोनने मागवता येते का विचारा. लायब्ररी ऑफ काँग्रेसची क्रॉनिकलिंग अमेरिका ही साइट फुकट आहे, त्यात १९६३ पर्यंतचे पेपर आहेत, सगळी गावं नाहीत पण आधी तिथे शोधून बघा. सर्चमध्ये नाव सापडलं नाही म्हणजे ते नाही असं समजू नका, जुनी छपाई कॉम्प्युटरला नीट वाचता येत नाही, "मिलर" चं काहीही होतं. सीझनच्या महिन्यांची पानं डोळ्यांनीच चाळावी लागतात.

शाळेच्या ऑफिसकडून माहिती मागायला गेलात की "प्रायव्हसीचा कायदा आहे" असं उत्तर येऊ शकतं. कायदा आहे, १९७४ चा फर्पा. पण त्यातच डायरेक्टरी इन्फर्मेशन नावाचा भाग आहे आणि त्यात खेळांमधला सहभाग आणि टीममधल्या खेळाडूंची उंची-वजनसुद्धा येतं, शाळेने तसं जाहीर केलेलं असेल आणि पालकांनी किंवा विद्यार्थ्याने हरकत घेतलेली नसेल तर शाळा ते देऊ शकते. मार्क, शिस्तीच्या नोंदी, मेडिकल वगैरे मागूच नका, मिळणार नाही आणि तुम्हाला लागणारही नाही. ऑफिसात आवाज चढवायचा नाही, सेक्रेटरी बाई नाराज झाल्या की गोडाऊनची किल्ली मिळत नाही.

३. सीझनची नोंदवही

एक्सेलमध्ये एका मॅचला एक ओळ: तारीख, कुणाशी, कुठे, स्कोअर, पॉइंट कुणी केले, माहिती कुठून मिळाली. शेवटचा कॉलम कंटाळा न करता भरा, वर्षभराने "हा आकडा कुठून आणला" असं कुणीतरी विचारणारच. खेळाडूंसाठी वेगळी शीट.

आता सगळ्यात कॉमन घोळ. फुटबॉल पानगळीच्या दिवसांत खेळला जातो आणि इयरबुक पुढच्या वर्षीच्या आकड्याने छापलं जातं. १९७५ चं इयरबुक म्हणजे १९७४ चा सीझन. जॉर्जियातल्या राइट्सव्हिलचा हर्शेल वॉकर बघा, शेवटचा सीझन १९७९ चा, पण शाळा पूर्ण झाली १९८० मध्ये. कुणी "१९८० ची टीम" म्हणालं की लगेच विचारा, पानगळीचं वर्ष की शाळा पूर्ण झाल्याचं? हा एक प्रश्न न विचारल्यामुळे एकच खेळाडू दोन वर्षांच्या दोन टीममध्ये जाऊन बसलेला मी बघितलाय, आणि तेही पितळेच्या पाटीवर कोरलेला.

नावांचाही गोंधळ असतो. पेपरात "बड", "रेड", "टायनी" अशी टोपणनावंच छापून यायची, टायनी अर्थातच टीममधला सर्वात आडदांड. बाप-लेक एकाच नावाचे, चुलतभाऊ एकाच आडनावाचे, आणि जर्सीचा नंबर तर दर वर्षी बदलायचा, कधी कधी होम आणि अवे मॅचचा वेगळा. म्हणून नंबरवरून माणूस ओळखायचा नाही, इयरबुकातला फोटो, रोस्टर आणि पेपर या तिन्हींपैकी दोन जुळले तरच पक्कं. प्रोग्रॅममधली वजनं मात्र हसून सोडून द्या, समोरच्या टीमला घाबरवायला सगळेच कोच दहा-पंधरा पाउंड वाढवून छापायचे.

४. जुना रिपोर्ट वाचताना

फॉरवर्ड पास १९०६ मध्ये कायदेशीर झाला. टचडाउनचे (बॉल समोरच्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेण्याचे) सहा पॉइंट १९१२ पासून, त्याआधी पाच. त्यामुळे १९१० च्या मॅचची बेरीज जमत नसेल तर पेपरवाला चुकला असेलच असं नाही, आधी आजचा हिशेब बाजूला ठेवून बघा.

कुणी "माझ्या आजोबांनी एका सीझनला इतके सॅक केले" (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं) असं सांगितलं तर मान डोलवा आणि लिहून घ्या, पण आकडा म्हणून नाही. सॅक हा आकडा एनएफएलनेच अधिकृतपणे १९८२ पासून मोजायला घेतला. टॅकल (बॉलवाल्याला पाडणं) कोण मोजतंय यावर ठरतात, कोचचा पोरगा असेल तर जास्तच भरतात. आणि एक बारीक गोष्ट, शाळेच्या हिशेबात सॅकमध्ये गमावलेले यार्ड क्वार्टरबॅकच्या धावण्यातून वजा होतात, एनएफएलसारखे टीमच्या पासिंगमधून नाही. पळणाऱ्या क्वार्टरबॅकचा आकडा कमी दिसतो तो कधी कधी यामुळे.

५. फिल्मचे डबे

जिमच्या मागच्या खोलीत १६ एमएमचे डबे नक्की सापडतील. डबा उघडल्याबरोबर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्म सडायला लागलीये, ती बाकीच्या डब्यांपासून लगेच वेगळी करा. आणि कुणी कितीही उत्साहाने जुना प्रोजेक्टर आणला तरी त्यावर लावून बघायचं नाही, आकसलेली फिल्म दात्यांत अडकून फाटते. स्कॅन करून देणाऱ्या लॅबकडे पाठवायची, त्याआधी डब्यावरची पट्टी आणि आतली चिठ्ठी यांचे फोटो काढून ठेवायचे.

या फिल्मला आवाज नसतो, दोन प्लेच्या (चालींच्या) मधला वेळ नसतो, स्कोअरबोर्ड क्वचित दिसतो. कुठली मॅच आहे ते समोरच्या टीमच्या हेल्मेटवरून आणि मागच्या झाडांवरून ओळखावं लागतं. पण कोचने स्वतःसाठी काढलेली असल्यामुळे सगळे बावीस जण फ्रेममध्ये असतात, आणि लाइनमन बघायला मिळतात ते फक्त इथेच. लेफ्ट टॅकलवर (लाइनमधल्या डावीकडच्या खेळाडूवर) नजर ठेवून दहा प्ले सलग बघा. बॉल कुठे गेला ते विसरा. तो समोरच्याला मागे ढकलतोय का, ढकलून झाल्यावर दुसरा कुणी शोधतोय का की उभा राहून बघतोय, एवढंच बघायचं. इयरबुकात ज्याच्या नावावर एक ओळही नाही असा पोरगा या दहा प्लेमध्ये मैदान मोकळं करत जाताना दिसतो, आणि त्याच्या मागून आरामात पळालेल्याचं नाव मात्र पेपरच्या हेडलाइनमध्ये.

६. माणसांशी बोलणं

"तुमच्या काळातला बेस्ट कोण" असं विचारू नका. उत्तर ठरलेलं येतं, एक तर मित्राचं नाव नाहीतर "आमची टीम म्हणून खेळायचो हो". त्यापेक्षा असं विचारा:

- कुणाला टॅकल करायला नको वाटायचं, प्रॅक्टिसमध्येसुद्धा?
- थर्ड डाउनला (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) दोन यार्ड हवे असतील तर कुणाच्या मागून जायचात?
- कोण दुखावला की कोचचा चेहरा पडायचा?

दुसरा प्रश्न रनिंग बॅकना विचारा, क्षणात नाव येतं, आणि ते नाव बहुतेक वेळा यादीत कुणीच सुचवलेलं नसतं. मग शेजारच्या गावात जाऊन तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा की आमच्या शाळेतला कोण तुम्हाला नकोसा व्हायचा. प्रतिस्पर्ध्याने घेतलेलं नाव मी दुप्पट धरते, त्याला तुमच्या भिंतीशी काही देणंघेणं नसतं.

कोचच्या बायका, मैदानावर यार्ड मोजायची साखळी धरणारे, स्कोअरबोर्ड चालवणारे, बँडचे मास्तर यांना सोडू नका. कात्रणांच्या वह्या घरोघरी बायकांनीच जपून ठेवल्यात. वही घरी घेऊन जाऊ का असं विचारायचं नाही, तिथेच टेबलावर फोनने स्कॅन करायचं आणि वही जिथल्या तिथे ठेवायची. बोलणं रेकॉर्ड करत असाल तर आधी विचारून. आणि आठवणीतला स्कोअर पेपरशी ताडून बघितल्याशिवाय शीटमध्ये टाकायचा नाही, चाळीस वर्षांत २०-१४ चा ४२-० होतो.

७. आकड्यांची तुलना

टेक्ससमधल्या शुगर लँडच्या केन हॉलने १९५० ते १९५३ मध्ये ११,२३२ यार्ड धावून काढले. तेव्हा साखर कारखान्याभोवती वसलेलं छोटं गाव. तो राष्ट्रीय विक्रम २०१२ मध्ये फ्लोरिडातल्या युली गावच्या डेरिक हेन्रीने मोडला, १२,१२४ यार्ड. दोघांपैकी मोठा कोण? आकडे शेजारी ठेवून हे ठरत नाही, मधे जवळजवळ साठ वर्षं गेलीत, समोरच्या टीम वेगळ्या, सीझनची लांबी वेगळी, प्रॅक्टिस वेगळी. तुमच्या शाळेतही हेच होणार, फक्त आकडे लहान.

उलटं उदाहरण ब्रेट फार्वचं. मिसिसिपीतल्या किल्न गावचा, वडीलच हायस्कूलचे कोच, आणि वडिलांचा भरवसा धावण्यावर, त्यामुळे पोराच्या हातात तोफ असूनही एका मॅचला त्याला पाचपेक्षा जास्त पास क्वचितच टाकायला मिळायचे. पुढे एनएफएलमध्ये त्याने ७१,८३८ यार्ड पास टाकले. नुसती शाळेची पासिंगची शीट बघून तुमच्या कमिटीने त्याला पहिल्याच फेरीत बाहेर काढलं असतं. म्हणून आकड्यांच्या शेजारी टीम कुठल्या पद्धतीने खेळायची तेही लिहा.

तुमची शाळा कधी सिक्स-मॅन खेळलेली असेल तर ती वर्षं वेगळीच ठेवा. हा प्रकार स्टीफन एपलर यांनी १९३४ मध्ये नेब्रास्कातल्या हेब्रॉनमध्ये सुरू केला, पोरं कमी असलेल्या शाळांसाठी. मैदान ८० बाय ४० यार्डांचं, फर्स्ट डाउनला दहाऐवजी पंधरा यार्ड, आणि हाफटाइमनंतर ४५ पॉइंटांचा फरक पडला की मॅच संपते. स्कोअर बास्केटबॉलसारखे येतात. अकरा जणांच्या खेळातल्या टचडाउनशी त्यांची बेरीज करणं म्हणजे लिटर आणि किलो एकत्र मोजण्यातला प्रकार.

"स्टेट चॅम्पियन" या शब्दालाही भुलू नका. प्लेऑफ प्रत्येक राज्यात वेगवेगळ्या वर्षी सुरू झाले, ओहायोत १९७२ मध्ये. त्याआधीच्या पोरांना जिंकायला स्टेट प्लेऑफ नव्हतेच, त्यांचा मान कॉन्फरन्सचा (आसपासच्या शाळांच्या गटाचा) किंवा पेपरांनी निवडलेल्या ऑल-स्टेट (राज्यातल्या बेस्ट खेळाडूंच्या) टीमचा.

८. निवड

एक ते दहा असे नंबर लावू नका. काळाचे चार-पाच तुकडे करा: दुसऱ्या महायुद्धापर्यंत, मग शाळा एकत्र होईपर्यंत, मग २००० पर्यंत, मग पुढचा. प्रत्येक तुकड्यात लाइनमनसाठी जागा आधीच राखून ठेवा, नाहीतर त्या कधीच भरत नाहीत. जुन्या काळात तेच अकरा जण आक्रमण आणि बचाव दोन्हीत खेळायचे हे कमिटीला आठवण करून द्या.

कमिटीत विषम संख्या, नातेवाइकाच्या नावावर त्या माणसाने मत द्यायचं नाही (छोट्या गावात यामुळे कधी कधी दोघंच मतदानाला उरतात, तरीही नियम ठेवा), शाळा सोडून निदान पाच वर्षं झालेला खेळाडूच घ्यायचा. पुढे कॉलेजला किंवा एनएफएलला गेला म्हणून आपोआप आत नाही आणि गेला नाही म्हणून बाहेरही नाही, इथे शाळेतला खेळ मोजायचाय. ज्यांच्यावर नंतर गुन्हे दाखल झाले त्यांचं काय करायचं हे एकही नाव समोर नसताना ठरवा. नाव आल्यावर ठरवायला बसलात तर तो नियम राहत नाही, ते त्या एका माणसावरचं भांडण होतं.

सीझन अर्धवट सोडून युद्धावर गेलेले, गुडघा गेल्यामुळे एकच वर्ष खेळलेले, यांच्यासाठी वेगळा विभाग करा. आकड्यांच्या रांगेत ते कायम मागे पडतात.

९. छापण्याआधी

नावाचं स्पेलिंग कुटुंबाकडून लेखी घ्या, पेपरवरून नको. फोटो कुणी काढलाय ते विचारा, पेपरच्या फोटोंना परवानगी लागू शकते. हयात खेळाडूचा पत्ता, फोन, आजार यातलं काही पाटीवर किंवा साइटवर टाकायचं नाही. यादीचा ड्राफ्ट लायब्ररीत महिनाभर उघडा ठेवा आणि शेजारी पेन ठेवा, लोक चुका दाखवतात आणि नवीन फोटोही घेऊन येतात. होमकमिंगच्या आठवड्यात ठेवलात तर उत्तम, बाहेरगावी गेलेले सगळे तेव्हा गावात असतात.

भिंतीवर रिकाम्या जागा सोडा, दर वर्षी भर पडेल असं आधीच जाहीर करा, म्हणजे ज्याचं नाव नाही त्याचा मुलगा पार्किंगमध्ये तुमच्या अंगावर येणार नाही. किमान जोरात तरी येणार नाही.

सगळ्या स्कॅनची एक कॉपी पब्लिक लायब्ररीला, एक हिस्टॉरिकल सोसायटीला, एक शाळेला. आणि यंदाचा सीझन चालू असेल तर दर सोमवारी टीमच्या स्टॅटवाल्या पोराकडून शुक्रवारची शीट मागून घ्या, पूर्ण रोस्टरसकट, सबस्टिट्यूट आणि लाइनमनच्या नावांसकट. अ‍ॅपमध्ये आहे असं तो म्हणेल, तरी प्रिंट काढून घ्या.